बी.फार्म.ला जायचंय? फॉर्म भरण्याआधीपासून पहिल्या सबमिशनपर्यंत

जून-जुलै आला की आमच्या डिपार्टमेंटच्या दारात ठरलेलं दृश्य दिसतं. मुलगा किंवा मुलगी गप्प, हातात प्लास्टिकची फाइल, आणि बोलणारे वडील नाहीतर मामा. पहिला प्रश्न, "मॅडम, फार्मसीला स्कोप आहे ना?" मी त्यांना सोडून त्या गप्प पोराकडे बघते आणि विचारते, "बारावीत फिजिक्स जमायचं का?" मामा गडबडतात. औषधाचा आणि फिजिक्सचा काय संबंध?

तो संबंध आधी सांगते. पुढच्या पायऱ्या त्याशिवाय नुसती कागदपत्रांची यादी होतील.

पहिल्या सेमिस्टरला फार्मास्युटिक्सच्या, म्हणजे औषध तयार करण्याच्या विषयाच्या, प्रॅक्टिकलमध्ये ओआरएसची (जुलाबात पाण्यातून द्यायची) पावडर करायला देतात. दिसायला अगदी सोपं. एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. वजन करा, मिसळा, पुडी बांधा. पोरं वीस मिनिटांत "मॅडम, झालं" म्हणत येतात. मग मी विचारते, ग्लुकोजच्या बाटलीवर काय लिहिलंय? बहुतेक वेळा बाटली मोनोहायड्रेटची असते आणि सूत्रातलं १३.५ हे निर्जल ग्लुकोजचं. म्हणजे पाण्याचा रेणू धरून १४.८५ ग्रॅम घ्यायला हवं होतं. लेबल न वाचल्यामुळे अर्धी बॅच पुन्हा तराजूपाशी उभी राहते.

दुसरा प्रश्न: ग्लुकोज कशाला, चवीला? नाही. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. हे त्याच सेमिस्टरच्या अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या विषयाशी जोडलेलं. तिसरा प्रश्न: मग जास्त साखर घातली तर जास्त फायदा? उलट. जुन्या सूत्रात ग्लुकोज २० ग्रॅम होतं आणि द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, ३११. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती २४५ वर आणली. द्रावण फार दाट झालं, तर पाणी शरीरात जाण्याऐवजी आतड्यात ओढलं जातं. हे सगळं फिजिक्स.

आणि ही पुडी मोठी झाली ती लॅबमध्ये नाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपांतून भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. हे सार्वजनिक आरोग्य. म्हणजे एका पुडीत केमिस्ट्री, फिजिक्स आणि पब्लिक हेल्थ तिन्ही. ज्याला यातलं फक्त पाठांतर करायचंय, त्याला बी.फार्म.ची चार वर्षं फार लांब वाटतात.

पायरी १ : नक्की कुठली फार्मसी?

"फार्मसी" या एका शब्दात तीन वेगळे कोर्स आहेत, आणि घरच्यांच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ होते.

डी.फार्म. दोन वर्षांचं, त्यानंतर किमान तीन महिने आणि ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. मेडिकल दुकान चालवायचंय, हॉस्पिटलच्या औषध काउंटरवर काम करायचंय, तर हे पुरतं. याला कमी लेखू नका. गावात स्वतःचं दुकान असलेला डी.फार्म.वाला शहरातल्या नोकरदार बी.फार्म.पेक्षा सुखात असलेला मी पाहिलाय. बी.फार्म. चार वर्षांचं, आठ सेमिस्टर. कंपनी, क्वालिटी कंट्रोल, संशोधन, शासकीय नोकरी, पुढे एम.फार्म. यासाठी. फार्म.डी. सहा वर्षांचं, त्यातलं शेवटचं वर्ष हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. पेशंटजवळ राहून काम करायची ओढ असेल, तर ते बघा. डी.फार्म. करून थेट बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला येता येतं, त्यामुळे आज डी.फार्म. घेतलं म्हणून पुढची वाट बंद होत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. फिजिक्स मनापासून आवडत असेल, तर "औषधात निदान नोकरी तरी आहे" म्हणून फार्मसीत येऊ नका. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी आयसर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आहे, मुंबईत कलिन्याच्या सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेससाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा आहे, आणि साधं बी.एस्सी. करूनही पुढे मेडिकल फिजिक्सला जाता येतं. कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रेडिएशनचा डोस मोजणारा माणूस फिजिक्सचाच असतो. आणि सार्वजनिक आरोग्यात जायचं असेल, तर घाई नको. त्यातली मुख्य पदवी, एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ), ही पदव्युत्तर आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, पुणे विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विभागात ती आहे, आणि बी.फार्म. करून तिकडे वळता येतं.

पायरी २ : सीईटीचा गट

बी.फार्म.ला फिजिक्स आणि केमिस्ट्री लागतंच. तिसरा विषय मॅथ्स किंवा बायोलॉजी, कुठलाही चालतो. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा पीसीएम गटातून द्या किंवा पीसीबीमधून, दारं दोन्ही उघडी. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, आणि तेवढ्यातच बहुतेकांचे पाय घसरतात, कारण अकरावी हे वर्ष आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही.

निकालात मार्क नाही, पर्सेंटाइल येतं. ८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के मार्क नव्हेत. तुमच्या गटात परीक्षा दिलेल्यांपैकी ८५ टक्के जण तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच अर्थ. हे आजोबांना समजावून सांगा, नाहीतर पेढे चुकीच्या कारणासाठी वाटले जातात.

पायरी ३ : कागद, आणि तेही आत्ताच

प्रवेश हुकतो तो अभ्यासामुळे कमी आणि कागदामुळे जास्त. वय-अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला हे सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून होतात. ते बारावीच्या परीक्षेआधी काढून ठेवा, कारण निकालानंतर तिथे रांग असते आणि सर्व्हर डाउन असतो.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात पडताळणी. राखीव प्रवर्गातून प्रवेश हवा असेल, तर अकरावीतच कॉलेजमार्फत जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज टाका. वडिलांचं किंवा चुलत्यांचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडा, काम हलकं होतं. नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्यावर "वैध दिनांक" बघा. तो प्रवेशाच्या आर्थिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत चालायला हवा. गेल्या वर्षीचा दाखला घेऊन आलेली मुलं मी दरवर्षी पाहते. आणि सगळीकडे नाव एकच आहे ना, हे तपासा. दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव "सुनिता", दुसऱ्या कागदावर "सुनीता", एवढ्यावरून कागद पडताळणीत अडकलेला अर्ज मी पाहिलाय.

पायरी ४ : कॉलेज स्वतःच्या डोळ्यांनी बघा

आधी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे पीसीआयच्या, साइटवर कॉलेजला मान्यता आहे का ते पाहा. फक्त "आहे" एवढं पुरेसं नाही. कुठल्या कोर्सला, किती जागांना आणि कुठल्या वर्षापर्यंत, हे तिन्ही बघा. मान्यता नसलेल्या ठिकाणची पदवी घेऊन फार्मसिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, मग भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा उपयोग फ्रेमवाल्यालाच.

मग एक दिवस काढून प्रत्यक्ष जा. गेट, कँटीन आणि रिसेप्शनवरचा सोफा बघून परत येऊ नका. मशीन रूम दाखवा म्हणा. तिथे गोळ्या पाडायचं टॅब्लेट पंचिंग मशीन असतं. त्याच्या कडांना पावडर लागलेली दिसली, तर ते चालतं. औषधातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र दाखवा म्हणा. एका कॉलेजात मी परीक्षक म्हणून गेले होते, तिथलं एचपीएलसी प्लास्टिकच्या कव्हरखाली होतं आणि कव्हरवर बोट फिरवलं तर रेघ उमटली. शेवटच्या वर्षाच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, उद्घाटनाला चालू केलं होतं म्हणतात." लॅब असिस्टंटशी दोन मिनिटं बोला. केमिकल संपलं तर किती दिवसांत येतं, हे प्राचार्यांपेक्षा तो खरं सांगतो. तिसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठून विचारा, "प्रॅक्टिकल स्वतः करता की चौघांत एक?" एवढ्या प्रश्नात कॉलेज कळतं.

पायरी ५ : ऑप्शन फॉर्म

कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, क्रम असा: नोंदणी, कागद पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग ऑप्शन फॉर्म आणि जागावाटपाच्या फेऱ्या. किती फेऱ्या आणि कुठे सीट आपोआप पक्की होते, हे नियम वर्षागणिक बदलतात. त्या वर्षाचं माहितीपुस्तक सीईटी सेलच्या साइटवरून उतरवा आणि तेच प्रमाण माना. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तक्ता गेल्या वर्षीचा असतो.

न बदलणारी गोष्ट एकच: पर्यायांचा क्रम तुमच्या आवडीचा हवा, "मिळेल" असं वाटणाऱ्या कॉलेजचा नव्हे. पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं, की ते तुम्हाला घ्यावंच लागतं. माझ्या भाच्याने "आधी सेफ एक टाकून ठेवतो" म्हणून घराजवळचं कॉलेज वर टाकलं. पहिल्याच फेरीत तेच मिळालं, आणि ज्यासाठी त्याने वर्षभर अभ्यास केला होता ते दुसऱ्या नंबरचं कॉलेज त्याच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवाल्याला गेलं. आवडीचं वर, मधलं मध्ये, पक्कं खाली.

पायरी ६ : फी

खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मंजूर आकडा विचारा आणि त्यावर काही मागितलं तर पावती मागा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती बघा. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून सीट घेतली की या सवलती गेल्या. आणि आधारला जोडलेलं बँक खाते चालू ठेवा. वापर नसल्यामुळे बंद पडलेल्या खात्यावर पैसे येत नाहीत, आणि मग मुलं आमच्या ऑफिसात येऊन क्लार्कशी भांडतात.

पायरी ७ : पहिलं सेमिस्टर

विषय: ह्युमन अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, फार्मास्युटिकल अ‍ॅनालिसिस, फार्मास्युटिक्स, इनऑरगॅनिक केमिस्ट्री, कम्युनिकेशन स्किल्स. शिवाय रेमेडियल: बारावीला मॅथ्स घेतलेल्यांना बायोलॉजी आणि बायोलॉजी घेतलेल्यांना मॅथ्स. पीसीबीची मुलं रेमेडियल मॅथ्सला "छोटा विषय" म्हणून सोडतात. त्यातले लॉगॅरिदम आणि डिफरन्शियल इक्वेशन पुढे औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं हे मोजताना परत येतात, तेव्हा पळायला जागा नसते.

पहिल्या आठवड्याची खरेदी: पूर्ण बाह्यांचा सुती अ‍ॅप्रन (दोन घ्या, एक धुवायला), स्पॅट्युला, बटर पेपर, काचेवर लिहायचा मार्कर, काडेपेटी, हात पुसायचं फडकं. काडेपेटी विसरू नका. बर्नर पेटवायला चाळीस जणांत एकच काडेपेटी असली, की ती ज्याच्याकडे आहे तो त्या दिवशीचा राजा.

प्रॅक्टिकल चार तासांचं. त्यात दोन गोष्टी मी पहिल्या महिन्यात घोटून घेते. एक, लिमिट टेस्ट. औषधात क्लोराइडची अशुद्धी मर्यादेत आहे का, हे बघायला दोन सारख्या नेसलर सिलिंडरमध्ये (काचेच्या उभ्या नळ्यांमध्ये) एकीकडे नमुना, दुसरीकडे ठरलेल्या क्लोराइडचं द्रावण घ्यायचं. दोन्हीत पातळ नायट्रिक अ‍ॅसिड टाकायचं, ५० मिलीपर्यंत पाणी भरायचं, मग सिल्व्हर नायट्रेट टाकायचं, ढवळायचं आणि पाच मिनिटं उजेडापासून दूर ठेवायचं. मग काळ्या पार्श्वभूमीवर धरून कुठलं जास्त गढूळ दिसतं ते बघायचं. नवीन मुलं काय करतात? एक सिलिंडर आत्ता तयार करतात, दुसरं दहा मिनिटांनी, आणि तुलना करतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच क्रमाने करायची असतात. नाहीतर फरक औषधाचा नसतो, तुमच्या उशिराचा असतो. सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं, तर दुसऱ्या दिवशी काळे डाग दिसतात. ते चार-पाच दिवस जात नाहीत. आई घाबरेल, तिला आधीच सांगा.

दुसरी, कॅलामाइन लोशन. कॅलामाइन आणि झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळत नाहीत, खाली बसतात. त्यांना तरंगत ठेवायला बेंटोनाइट ही माती घालतात. बेंटोनाइट थोडं थोडं घालून नीट घोटलं नाही, तर त्याच्या गाठी होतात आणि बाटलीच्या तळाशी घट्ट थर बसतो. मी पोरांना बाटल्यांवर रोल नंबर घालून खिडकीत ठेवायला सांगते. आठवड्याने बाटली हलवायची: ज्याची सहज परत एकजीव झाली तो पास. कण जितका मोठा तितका लवकर बसतो, आणि वेग कणाच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बारावीत स्टोक्सचा नियम वाचलेला असतो. तो खिडकीतल्या बाटलीत भेटला की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पुढच्या सेमिस्टरांत हे फिजिक्स वाढतच जातं. चौथ्या सेमिस्टरला पावडर फनेलमधून सोडून तिच्या ढिगाचा कोन मोजायचा. कोन मोठा म्हणजे पावडर अडखळत वाहणारी. मशीनमध्ये ती साच्यात कमी-जास्त पडणार आणि गोळ्यांची वजनं वेगवेगळी होणार. सातव्या सेमिस्टरला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोस्कोपीत बीअर-लॅम्बर्टचा नियम, म्हणजे द्रावणाने किती प्रकाश शोषला यावरून त्यात औषध किती ते काढायचं. शेवटच्या सेमिस्टरला बायोस्टॅटिस्टिक्स आणि सोशल अँड प्रिव्हेंटिव्ह फार्मसी. शेवटचा विषय मुलं परीक्षेआधी दोन रात्रींत उरकतात. एमपीएचचा विचार असेल, तर तो विषय आणि स्टॅटिस्टिक्स नीट करा. गावातल्या आरोग्य केंद्रात प्रोजेक्ट मिळतो का, ते गाइडला आधीपासून विचारून ठेवा.

पायरी ८ : मार्कांचं गणित

पीसीआयच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे थिअरीचा मोठा विषय १०० मार्कांचा: ७५ विद्यापीठाच्या परीक्षेचे, २५ अंतर्गत. पास व्हायला दोन्ही मिळून ५०. म्हणजे अंतर्गतमध्ये २० असतील, तर पेपरात ३० पुरतात. अंतर्गतमध्ये ८ असतील, तर ४२ लागतात. त्या २५ मध्ये १५ सेशनलचे (सेमिस्टरमध्ये कॉलेज घेतं त्या परीक्षांचे), दोन सेशनलच्या सरासरीने. उरलेले १० हजेरी, असाइनमेंट आणि वर्गातल्या सहभागाचे. हजेरी ८० टक्के सक्तीची, थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं. ८० टक्क्यांना चारपैकी एकच मार्क मिळतो, ९५ किंवा त्यावर गेलं तर चारही. "ऐंशी तर आहेत ना" म्हणणारा तीन मार्क फुकट घालवतो, आणि केटी लागते ती नेमकी दोन-तीन मार्कांनीच.

तुमच्या वर्षाला लागू असलेला सिलॅबस पीसीआयच्या साइटवरून काढून पहिल्याच दिवशी जर्नलच्या पहिल्या पानात घडी घालून ठेवा. जर्नल त्याच दिवशी लिहा. निरीक्षणाचे आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर घेतलेत आणि तो अ‍ॅप्रनच्या खिशात राहिला, तर रविवारी अ‍ॅप्रनबरोबर तोही धुतला जातो. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर दिवे जळत असतात, सगळ्यांचं रीडिंग सारखं येतं, आणि आम्हाला ते दुरून कळतं. एका बॅचमध्ये सोळा जणांचं ब्युरेट रीडिंग १२.४ होतं. सतरावीचं १२.७ होतं. तिला मी व्हायवात एकच प्रश्न विचारला, एंड पॉइंटला रंग कसा बदलला? ती म्हणाली, "मॅडम, एक थेंब जास्त पडला, मला तो बदलताना दिसलाच नाही." त्या दिवशी सगळ्यांत जास्त मार्क तिला दिले.